इंग्रजीतले नाउन क्लॉज आणि अपॉझिशनचे क्लॉज: मराठी माणसाने कसे ओळखायचे, पायरी पायरीने

माझ्याकडे संध्याकाळी चार-पाच जण इंग्रजी विचारायला येतात, दोन दहावीची मुलं, दोघं एमपीएससीची तयारी करणारे आणि एक ताई, ज्या नुकत्याच बँकेत लागल्यात आणि आता रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात म्हणून येतात. वय वेगळं, गरज वेगळी, पण अडतात सगळे एकाच जागी. वाक्यात 'द न्यूज दॅट' असं काही दिसलं की पेन्सिल उचलतात आणि लिहून टाकतात, ॲडजेक्टिव्ह क्लॉज (म्हणजे विशेषणासारखं नामाबद्दल सांगणारं छोटं वाक्य). का, तर शाळेत पाठ केलेलं असतं की नामानंतर दॅट आला म्हणजे ॲडजेक्टिव्ह क्लॉज. मीसुद्धा बरीच वर्षं तसंच समजून चाललो होतो, आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली) आणि तोवर मराठी इतकी पक्की झालेली असायची की इंग्रजी व्याकरण म्हणजे काहीतरी परकं, फक्त पाठ करायचं, असंच वाटायचं.

नंतर शिकवता शिकवता लक्षात आलं की हा जो फरक मुलांना इंग्रजीत दिसत नाही तो मराठी बोलताना त्यांच्याकडून कधीच चुकत नाही. 'तो पास झाला ही बातमी' आणि 'त्याने आणलेली बातमी' या दोन गोष्टी कुणी मिसळतं का? पहिलीत बातमी काय आहे ते कळतं, दुसरीत बातमी कोणती ते कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे दॅट येतो म्हणून गोंधळ होतो, बास. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं मराठीतून इंग्रजीकडे जाणारं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिलीत. ती मोठ्याने वाचा आणि मग वहीत स्वतः इंग्रजी स्पेलिंगमध्ये उतरवून काढा. उतरवताना वाक्य हाताखालून जातं आणि त्याचे तुकडे कुठे पडतात ते आपोआप दिसायला लागतं.

पायरी १: क्लॉज आणि फ्रेज वेगळे करा

क्लॉजमध्ये कर्ता असतो आणि त्याचं स्वतःचं काळ दाखवणारं क्रियापद असतं. फ्रेजमध्ये नुसते शब्द एकत्र आलेले असतात, असं क्रियापद नसतं. उदाहरण शोधायला लांब जायला नको, बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका आहे. 'आम्ही, भारताचे लोक'. इंग्रजीत 'वी, द पीपल ऑफ इंडिया'. इथे 'वी' म्हणजेच 'द पीपल ऑफ इंडिया', दोन्ही एकच, एकाच्या शेजारी दुसरं ठेवून ओळख करून दिलीय. याला अपॉझिशन म्हणतात, मराठी-संस्कृत व्याकरणात समानाधिकरण. पण 'द पीपल ऑफ इंडिया' यात क्रियापद नाही, म्हणून ही अपॉझिशनमधली फ्रेज झाली, क्लॉज नाही. तसंच 'मुंबई, द कॅपिटल ऑफ महाराष्ट्र, इज ऑन द अरेबियन सी'. दोन स्वल्पविरामांच्या मधला तुकडा म्हणजे मुंबईचीच दुसरी ओळख.

आता याच जागेवर, म्हणजे नामाच्या शेजारी, क्रियापदासकट अख्खं छोटं वाक्य येऊन बसलं तर? तोच अपॉझिशनचा क्लॉज. त्याच्याकडे चौथ्या पायरीत येऊ, कारण आधी नाउन क्लॉज समजला पाहिजे, अपॉझिशनवाला हा त्याच्यातलाच एक प्रकार आहे.

पायरी २: क्रियापदं मोजा, मग 'समथिंग' ठेवून बघा

वाक्य हातात आलं की पेन्सिलीने प्रत्येक काळ दाखवणाऱ्या क्रियापदाखाली रेघ मारा. 'टू गो', 'टू सी' असली 'टू'वाली रूपं धरायची नाहीत, नुसतं 'गोइंग', 'सीइंग' पण धरायचं नाही, त्याच्या आधी इज-वॉज असेल तर मात्र दोन्ही मिळून एक धरायचं. जितक्या रेघा तितके क्लॉज. हे कंटाळवाणं वाटतं पण खरं सांगतो, निम्म्या चुका इथेच होतात, मुलं रेघा न मारता नुसतं बघून उत्तर देतात.

मग ज्या तुकड्यावर शंका आहे तो अख्खा उचला आणि त्याच्या जागी 'समथिंग' हा एकच शब्द ठेवा. वाक्य जमलं तर तो तुकडा नामाचं काम करतोय, म्हणजे नाउन क्लॉज.

'आय नो दॅट द बस इज लेट.' याचं होतं 'आय नो समथिंग', जमलं. इथे क्लॉज 'नो' या क्रियापदाचं कर्म आहे.

'व्हॉट ही सेड वॉज ट्रू.' याचं 'समथिंग वॉज ट्रू', जमलं, इथे क्लॉज कर्ता.

'पे अटेन्शन टू व्हॉट आय से.' 'पे अटेन्शन टू समथिंग', हेही जमलं, इथे तो 'टू' या प्रीपोझिशनच्या मागून आलाय.

'द प्रॉब्लेम इज दॅट वी हॅव नो वॉटर.' 'द प्रॉब्लेम इज समथिंग', ठीक, इथे तो पूरक, म्हणजे कॉम्प्लिमेंट.

शाळेच्या व्याकरणात नाउन क्लॉजच्या पाच जागा सांगतात, त्यातल्या चार या झाल्या, पाचवी अपॉझिशन. 'आय ॲम ग्लॅड दॅट यू केम' यासारख्या विशेषणानंतर येणाऱ्या क्लॉजबद्दल पुस्तकापुस्तकात मतभेद आहेत, काही जण नाउन क्लॉज म्हणतात, काही ॲडव्हर्ब क्लॉज, म्हणजे वेळ, अट, कारण सांगणारा (तुम्ही आलात म्हणून आनंद झाला, असा कारणाचा अर्थ धरून), तुमच्या परीक्षेचं जे पुस्तक आहे ते धरा आणि पुढे चला, त्यावर रात्र घालवण्यात अर्थ नाही.

आपण 'समथिंग' ठेवतो त्याचं मराठी रूप म्हणजे क्रियापदाला 'काय?' विचारणं. मला माहीत आहे, काय माहीत आहे? बसला उशीर आहे हे. बघा, मराठीत शेवटी 'हे' आपोआप आलं. हा 'हे' आला की समजायचं नाउन क्लॉज आहे. आपल्या मराठी व्याकरणातही याला नामवाक्य म्हणतात आणि ते जोडणाऱ्या की, म्हणून, म्हणजे, जे या शब्दांना स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय. सातवी-आठवीत पाठ केलेलं असतं सगळ्यांनी, फक्त ते इंग्रजीच्या तासाला कुणी आठवून देत नाही.

पायरी ३: क आणि ज

ही पायरी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची आहे, म्हणून इथे जरा थांबा.

इंग्रजीत व्हेन, व्हेअर असे शब्द तीन-तीन कामं करतात. 'व्हेन' नाउन क्लॉजमध्ये येतो, ॲडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये येतो, ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये पण येतो. नुसत्या शब्दावरून प्रकार ठरवणारा माणूस इथे हमखास पडतो. मराठीत मात्र दोन वेगळ्या रांगा आहेत. क ची रांग: कोण, काय, कधी, कुठे, कसं, किती. आणि ज ची रांग: जो, जे, जेव्हा, जिथे, जसं, जितकं. इंग्रजी वाक्याचं मनातल्या मनात मराठी करा आणि बघा कुठली रांग लागते.

'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.' तो कधी येईल मला माहीत नाही. क आला. नाउन क्लॉज.

'कॉल मी व्हेन ही कम्स.' तो जेव्हा येईल तेव्हा मला फोन कर. ज आला. ॲडव्हर्ब क्लॉज.

'आय रिमेंबर द डे व्हेन ही केम.' ज्या दिवशी तो आला तो दिवस मला आठवतो. परत ज, आणि तो दिवसाबद्दल सांगतोय, म्हणून ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

आणि यातून आणखी एक फायदा फुकटात मिळतो. पहिल्या वाक्यात 'विल कम' आहे आणि दुसऱ्यात 'कम्स'. वेळ दाखवणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळ येतो, 'विल' लावत नाहीत, नाउन क्लॉजमध्ये 'विल' चालतो. मराठीत दोन्हीकडे 'येईल' म्हणून मुलं 'कॉल मी व्हेन ही विल कम' लिहून मोकळी होतात. कधी असेल तर 'विल' ठेवा, जेव्हा असेल तर काढा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

'इफ'चं पण असंच. 'आय डोन्ट नो इफ ही इज ॲट होम', तो घरी आहे का ते मला माहीत नाही, नाउन क्लॉज. 'आय विल गो इफ ही इज ॲट होम', तो घरी असेल तर मी जाईन, अटीचा ॲडव्हर्ब क्लॉज. 'का' आणि 'तर', मराठीत कान लगेच सांगतो. पहिल्या प्रकारच्या 'इफ'च्या जागी 'व्हेदर' टाकता येतो, दुसऱ्याच्या जागी नाही. आणि प्रीपोझिशननंतर किंवा वाक्याच्या अगदी सुरुवातीला कर्ता म्हणून आला तर 'व्हेदर'च घ्यायचा: 'एव्हरीथिंग डिपेन्ड्स ऑन व्हेदर इट रेन्स.' इथे 'इफ' टाकू नका.

या नियमाला दोन अपवाद आहेत, ते लपवत नाही. एक म्हणजे 'व्हॉट'. 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू' याचं मराठी 'तो जे बोलला ते खरं होतं', म्हणजे ज आला, तरी हा नाउन क्लॉजच, कारण इंग्रजीत 'व्हॉट'च्या पोटातच 'ते जे' दोन्ही आहेत, तो कुठल्या बाहेरच्या नामाला चिकटलेला नाही. 'हूएव्हर', 'व्हॉटेव्हर' यांचंही तेच, 'गिव्ह इट टू हूएव्हर नीड्स इट', ज्याला गरज आहे त्याला दे. दुसरा अपवाद 'द रीझन व्हाय ही लेफ्ट', तो का गेला याचं कारण, इथे मराठीत क आला पण इंग्रजी व्याकरण याला 'रीझन' या नामाचा ॲडजेक्टिव्ह क्लॉज धरतं. हे दोन वेगळे लिहून ठेवा, बाकी क आणि ज ची रांग फार क्वचित दगा देते.

आता या पायरीतल्याच दोन चुका, ज्या मला रोज दिसतात आणि ज्या मराठी माणसाच्याच आहेत. पहिली, 'की' मुळे होणारी. आपण म्हणतो, 'मला माहीत नाही की तो कुठे राहतो'. त्याचं शब्दाला शब्द लावून होतं 'आय डोन्ट नो दॅट व्हेअर ही लिव्ज'. मराठीत 'की' आणि 'कुठे' सुखाने शेजारी बसतात, इंग्रजीत एका क्लॉजला एकच जोडणारा शब्द. 'व्हेअर' आला की 'दॅट' गेला. 'ही आस्क्ड मी दॅट व्हॉट इज माय नेम' हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय, बरोबर वाक्य आहे 'ही आस्क्ड मी व्हॉट माय नेम वॉज'.

आणि त्यातच दुसरी चूक दिसते, शब्दांचा क्रम. स्वतंत्र प्रश्न असेल तर 'व्हेअर इज द स्टेशन?', पण तोच मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की प्रश्नाचा क्रम राहत नाही, साधा क्रम येतो: 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' डू, डझ, डिड सगळे निघून जातात, 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' नाही, 'व्हेअर ही लिव्ज'. मराठीत प्रश्न करताना आपण क्रम बदलतच नाही म्हणून हा नियम आपल्याला सोपा जायला हवा खरं तर, पण प्रश्नाचा क्रम एवढा घोकून घेतलेला असतो की तो सुटत नाही. बँकेतल्या ताईंच्या मेलमध्ये सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी हेच असायचं. त्यांना मी एवढंच सांगितलं की प्रश्नचिन्ह बाहेरच्या वाक्याचं असतं, आतल्या तुकड्याला प्रश्नासारखं सजवू नका, आणि पंधरा दिवसात फरक पडला.

पायरी ४: नामाशेजारचा दॅट, म्हणजे मूळ दुखणं

हे दोन वाक्य बघा.

'द क्लेम दॅट शी मेड वॉज फॉल्स.'

'द क्लेम दॅट शी मेड मनी वॉज फॉल्स.'

फरक फक्त 'मनी' या एका शब्दाचा. पण मराठी करा. पहिलं: तिने केलेला दावा खोटा होता. दुसरं: तिने पैसे कमावले हा दावा खोटा होता. पहिल्यात दावा काय होता ते आपल्याला माहीतच नाही, फक्त कोणता दावा ते कळलं, तिने केला तो. दुसऱ्यात दाव्याचा मजकूर समोर आला, दावा कोणी केला ते मात्र कळलं नाही. पहिला ॲडजेक्टिव्ह क्लॉज, दुसरा अपॉझिशनमधला नाउन क्लॉज. 'केलेला, दिलेली, आलेलं' किंवा 'जो-तो' असं मराठी होत असेल तर ॲडजेक्टिव्ह, आणि क्लॉज पूर्ण बोलून मग 'हा, ही, हे' किंवा 'असा, अशी, असं' येत असेल तर अपॉझिशन.

मराठी चाचणीवर विश्वास बसत नसेल, किंवा परीक्षेत कारण लिहायचं असेल, तर इंग्रजीतून तपासायच्या आणखी तीन रीती आहेत.

दॅट झाकून उरलेला तुकडा वाचा. 'शी मेड', काय केलं? भोक राहिलं. ते भोक दॅट भरत होता, म्हणजे दॅट हा 'क्लेम'च्या बदली आलेला सर्वनाम आहे. 'शी मेड मनी', पुरं झालं, काही कमी नाही. म्हणजे इथे दॅट नुसता सांधा आहे, त्याला आत काही काम नाही. ही भोकाची चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. कर्त्याचं भोक पण असू शकतं बरं का, 'द न्यूज दॅट केम यस्टरडे', दॅट झाकला तर 'केम यस्टरडे', कोण आलं? म्हणून ॲडजेक्टिव्ह, काल आलेली बातमी.

दुसरी रीत, दॅटच्या जागी 'विच' ठेवा. 'द क्लेम विच शी मेड' चालतं. 'द क्लेम विच शी मेड मनी' चालत नाही.

तिसरी, नाम आणि क्लॉजच्या मध्ये 'इज' घाला. 'द क्लेम इज दॅट शी मेड मनी', छान वाक्य झालं, कारण दावा म्हणजेच तो मजकूर, दोन्ही एकच, 'आम्ही' म्हणजेच 'भारताचे लोक' तसंच. 'द क्लेम इज दॅट शी मेड', लटकलं.

अजून एक बारीक गोष्ट. ॲडजेक्टिव्ह क्लॉजमधला कर्म असलेला दॅट लोक सर्रास गाळतात, 'द क्लेम शी मेड वॉज फॉल्स'. अपॉझिशनमधला दॅट लिहिताना गाळू नका, तो गेला तर वाचणारा अडखळतो.

अपॉझिशनचा क्लॉज कुठल्याही नामाला लागत नाही हेही लक्षात घ्या. टेबल, आंबा, पोलीस यांना 'मजकूर' नसतो, म्हणून 'द टेबल दॅट' पुढे काहीही आलं तरी तो ॲडजेक्टिव्ह क्लॉजच असणार. मजकूर असतो तो फॅक्ट, न्यूज, आयडिया, बिलीफ, होप, फीअर, रूमर, क्लेम, रिपोर्ट, डाउट, प्रॉमिस, पॉसिबिलिटी, एव्हिडन्स असल्या नामांना. म्हणजे जे सांगता येतं, समजता येतं, मानता येतं ते. अशा नामानंतर दॅट दिसला की सावध व्हा, इतर नामांनंतर बिनधास्त ॲडजेक्टिव्ह लिहा.

क्लॉज नामाला चिकटूनच बसतो असंही नाही. 'न्यूज केम दॅट द पानशेत डॅम हॅड बर्स्ट.' १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, ती बातमी. इथे 'न्यूज' आणि 'दॅट' यांच्यामध्ये 'केम' घुसलंय, तरी क्लॉज बातमीचाच मजकूर सांगतो. पानशेतचं धरण फुटलं अशी बातमी आली. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं प्रसिद्ध वाक्य पण असंच आहे: 'वी होल्ड दीज ट्रुथ्स टू बी सेल्फ-एव्हिडंट, दॅट ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल'. कोणती सत्यं? सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, हे सत्य. दॅटपासूनचा तुकडा लांबवरच्या 'ट्रुथ्स'शी अपॉझिशनमध्ये आहे. मला हे वाक्य शिकवायला फार आवडतं, मोठ्या माणसांनी लिहिलेलं मोठं वाक्य पण उघडून बघितलं की आत आपलं 'हे'च सापडतं.

आणि दॅटच पाहिजे असंही नाही. 'द क्वेश्चन व्हेदर ही शुड गो', त्याने जावं का हा प्रश्न, हाही अपॉझिशनचाच.

एक सूचना नावांबद्दल. काही पुस्तकं 'अपॉझिटिव्ह' हा शब्द स्वल्पविरामात येणाऱ्या 'हू, विच'च्या क्लॉजलाही वापरतात, 'माय ब्रदर, हू लिव्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर' यातल्या मधल्या तुकड्याला. तो मूळचा ॲडजेक्टिव्ह क्लॉजच आहे, फक्त जादा माहिती देणारा. दोन पुस्तकं वाचून डोकं चक्रावलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पायरी ५: स्वतः बनवायला लागा

ओळखण्यावर थांबू नका. सोपा सराव असा, क्रियापदाचं नाम करायचं. 'टिळक डिक्लेअर्ड दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट.' इथे क्लॉज 'डिक्लेअर्ड'चं कर्म. आता 'डिक्लेअर'चं 'डिक्लेरेशन' करा: 'टिळक्स डिक्लेरेशन दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट इन्स्पायर्ड मेनी.' क्लॉजमधला एकही शब्द बदलला नाही, पण आता तो 'डिक्लेरेशन'शी अपॉझिशनमध्ये गेला. असंच बिलीव्ह-बिलीफ, होप-होप, फीअर-फीअर, प्रॉमिस-प्रॉमिस, सजेस्ट-सजेशन, डिमांड-डिमांड. दहा क्रियापदं घ्या, दोन-दोन वाक्यं करा, एका संध्याकाळचं काम आहे.

डिमांड, सजेशन, ऑर्डर यांच्यात एक गंमत आहे. 'द डिमांड दॅट मुंबई बी इन्क्लूडेड इन महाराष्ट्र वॉज ॲक्सेप्टेड.' संयुक्त महाराष्ट्राची मागणी, १ मे १९६० ला राज्य झालं ते मुंबईसह. पण इथे 'मुंबई इज' का नाही, 'मुंबई बी' का? मराठी करा: मुंबई महाराष्ट्रात असावी ही मागणी. 'आहे' नाही, 'असावी'. आपला विध्यर्थ! जिथे मराठीत 'असावी, करावं, जावं' येतं तिथे इंग्रजीत क्रियापद मूळ रूपात, 'बी, गो, डू', किंवा आधी 'शुड' लावून. 'ही गो' बघून मुलांना वाटतं छापायची चूक आहे, 'गोज' पाहिजे. 'आय सजेस्ट दॅट ही गो', त्याने जावं असं मी सुचवतो, बरोबर आहे.

काळाचं पण इथेच बघून घेऊ. मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असं आपण त्याचेच शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत बाहेरचं क्रियापद भूतकाळी असलं की आतलंही मागे सरकतं आणि 'मी'चा 'तो' होतो: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' कायमचं सत्य असेल तर सरकवायची गरज नाही, 'अवर टीचर टोल्ड अस दॅट द अर्थ गोज राउंड द सन', पृथ्वी अजून फिरतेच आहे.

प्रीपोझिशनचा नियम छोटा आहे पण महत्त्वाचा: प्रीपोझिशनच्या लगेच मागे दॅटचा क्लॉज सहसा बसत नाही. 'इन स्पाइट ऑफ दॅट इट वॉज रेनिंग' चुकीचं. मध्ये एक नाम टेकू म्हणून द्या, 'इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट इट वॉज रेनिंग'. पाऊस पडत होता ही गोष्ट असूनही. म्हणजे साधा नाउन क्लॉज जिथे बसत नाही तिथे 'फॅक्ट' पुढे करून त्यालाच अपॉझिशनचा क्लॉज करून बसवायचं, इंग्रजी लिहिणारे हे सतत करतात. पण उठसूट 'द फॅक्ट दॅट' लिहू नका, वाक्य जड होतं, 'ऑलदो इट वॉज रेनिंग' असं साधं लिहिता येत असेल तर तेच लिहा.

आणि दॅटचा क्लॉज कर्ता असेल तर तो वाक्याच्या तोंडाशी ठेवलेला पुस्तकी वाटतो. 'दॅट ही इज ऑनेस्ट इज नोन टू ऑल' बरोबर आहे, पण बोलताना कुणी असं म्हणत नाही, 'इट इज नोन टू ऑल दॅट ही इज ऑनेस्ट' म्हणतात. हा 'इट' जागा धरून ठेवणारा आहे, खरा कर्ता मागून येणारा क्लॉजच. मराठीत आपण 'हे सगळ्यांना माहीत आहे की तो प्रामाणिक आहे' म्हणतो, त्यातला 'हे' अगदी तोच.

पायरी ६: आता तुम्ही

ही सहा वाक्यं वहीत इंग्रजीत उतरवा, रेघा मारा, मराठी करा, मग खाली बघा. आधी बघू नका.

एक, 'ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड.' दोन, 'व्हॉट इज डन कॅनॉट बी अनडन.' तीन, 'द होप दॅट रेन वुड कम केप्ट द फार्मर्स गोइंग.' चार, 'द होप दॅट केप्ट द फार्मर्स गोइंग वॉज फेडिंग.' पाच, 'टेल मी व्हेअर यू बॉट दिस.' सहा, 'द प्रॉमिस दॅट ही फरगॉट वॉज अ बिग वन.'

पहिल्यात दॅट झाका, 'ग्लिटर्स', काय चमकतं? भोक आहे, ॲडजेक्टिव्ह क्लॉज, 'ऑल'बद्दल सांगतोय. चकाकतं ते सगळं सोनं नसतं. दुसऱ्यात 'समथिंग कॅनॉट बी अनडन', नाउन क्लॉज, कर्ता. तिसऱ्यात 'रेन वुड कम' पूर्ण आहे, पाऊस येईल ही आशा, अपॉझिशन. चौथ्यात तीच 'होप', तेच शेतकरी, पण 'केप्ट द फार्मर्स गोइंग', कशाने? भोक. शेतकऱ्यांना उभं ठेवणारी आशा, ॲडजेक्टिव्ह. पाचवं सोपं आहे, हे कुठे घेतलंस ते सांग, क आला, नाउन क्लॉज, 'टेल'चं कर्म.

सहाव्यावर आमच्याकडे एकदा अर्धा तास वाद झाला. एक मुलगा म्हणाला 'ही फरगॉट' पूर्ण वाक्य आहे, तो विसरला, म्हणून अपॉझिशन. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, 'ही फरगॉट' एकटं उभं राहू शकतं, भोकाची चाचणी इथे कच्ची पडते. मग मराठी केलं. 'तो विसरला हे वचन मोठं होतं', असं कुणी वचन देतं का, की मी विसरलो? अर्थच लागत नाही. 'तो विसरलेलं वचन मोठं होतं', लागला. मग 'इज' घालून बघितलं, 'द प्रॉमिस इज दॅट ही फरगॉट', तेही अर्थाने पडलं. ॲडजेक्टिव्ह क्लॉज. त्या दिवसापासून तो मुलगा प्रत्येक वाक्यावर दोन चाचण्या लावतो, एक इंग्रजीची आणि एक मराठीची, आणि दोन्हींचं उत्तर जुळल्याशिवाय पेनाने लिहित नाही.